सुरावटीची उचल (चित्रपट व संगीत रंगभूमी)

चित्रपटगीत, पार्श्वसंगीत किंवा संगीतिका यांतील सुरावट आधीच्या रचनेवरून श्रेय न देता घेतल्याचा आरोप. साम्य कानाला चटकन जाणवते. न्यायालयात ते सिद्ध करणे कठीण. तिथे दोन गोष्टी पाहतात: मूळ रचना नव्या संगीतकाराच्या कानावर पडलेली असणे शक्य होते का, आणि घेतलेला भाग रचनेचा गाभा ठरावा इतका आहे का. स्वरसप्तक मुळात सातच सुरांचे, तेव्हा चार-सहा सूर जुळले म्हणून चोरी ठरत नाही.

जुन्या खटल्यांत इटालियन ऑपेराकार पुच्चिनी यांचे नाव ठळक आहे. ‘अ‍ॅव्हलॉन’ (१९२०) हे अमेरिकन गाणे त्यांच्या ‘टॉस्का’ (१९००) या ऑपेरातील एका विख्यात पदावरून उचलल्याचा दावा त्यांच्या प्रकाशकांनी, रिकोर्दी यांनी, केला आणि भरपाई मिळवली. मूळ पद देहदंडाच्या छायेतल्या कैद्याचे, मायनर स्केलमधले (पाश्चात्त्य संगीतातली उदास वाटणारी स्वररचना). ‘अ‍ॅव्हलॉन’ने तीच चढण मेजर या उजळ स्वररचनेत नेऊन तिचे प्रसन्न गाणे केले. भाव पालटला, चाल लपली नाही. पुढे ब्रिटिश संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतिकेतील (१९८६) ‘म्युझिक ऑफ द नाइट’ या गाण्यावरही पुच्चिनींच्या वारसांनी दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला. याच संगीतिकेवर रे रेप या अमेरिकन गीतकारानेही खटला भरला होता. वेबर यांनी ‘तुम्हीच माझी जुनी चाल घेतलीत’ असा उलट दावा ठोकला. तो टिकला नाही, पण मूळ खटल्यात १९९८ साली ज्यूरीने कौल वेबर यांच्याच बाजूने दिला.

पार्श्वसंगीतातल्या साम्याचे मूळ पुष्कळदा संकलनाच्या टेबलावर सापडते. संगीत तयार नसल्याने दृश्याखाली एखाद्या जुन्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावतात; त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाच्या कानात ते मुरते, आणि मग संगीतकाराकडे ‘अगदी असेच हवे’ अशी मागणी येते. अशा वेळी दोष एकट्या संगीतकाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ‘३००’ या चित्रपटाच्या (२००७) संगीतातले काही तुकडे संगीतकार एलियट गोल्डेंथल यांच्या ‘टायटस’ या चित्रपटाच्या संगीतावरून (१९९९) आल्याचे वॉर्नर ब्रदर्स या चित्रपटसंस्थेने जाहीर निवेदनात मान्य करून खेद व्यक्त केला. इतका स्वच्छ कबुलीजबाब या धंद्यात विरळा.

मराठी संगीत नाटकात हा वाद उद्भवायला फारशी जागा नव्हती. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल – अमुक’ असे देण्याची रीत होती, त्यामुळे पद कोणत्या चिजेवर किंवा जुन्या गाण्यावर बेतले आहे ते वाचकाला तिथेच कळे. हिंदी चित्रपटाने ही रीत उचलली नाही. जाहिरातीसाठी केलेली आपली धून ‘क्रेझी ४’च्या गाण्यांत वापरल्याची तक्रार संगीतकार राम संपत यांनी २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात नेली. ती गाणी ठेवून चित्रपट प्रदर्शित करण्यास न्यायालयाने मनाई केल्यावर निर्मात्यांनी तडजोड केली.

स्वतःचीच सुरावट पुन्हा वापरणे ही चोरी नव्हे, तरी तीही महागात पडते. ‘द गॉडफादर’मधील (१९७२) एक सुरावट नीनो रोता यांनी आपल्याच ‘फोर्तुनेला’ (१९५८) या इटालियन चित्रपटातून आणली होती. हे उघड होताच त्यांचे ऑस्कर नामांकन रद्द झाले. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात तीच सुरावट होती, आणि त्याच्या संगीताला ऑस्कर मिळाले.