जळीत वॉर्डातली सिस्टर: या कामाची पार्श्वभूमी

काणकोणात गॅसच्या भडक्याने भाजलेली 50 किलो वजनाची बाई दोन तासांनी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पोचली, असं समजा. अंग 40 टक्के भाजलंय. शिरेतून किती द्रव द्यायचा ते सांगणाऱ्या पार्कलंडच्या सूत्राप्रमाणे 4 मिलिलिटर गुणिले वजन 50 गुणिले भाजलेलं अंग 40, म्हणजे 24 तासांत 8 लिटर रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाइन), आणि त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत. हे 8 तास भाजल्या क्षणापासून धरायचे, दाखल झाल्यापासून नव्हे. म्हणजे 4 लिटरसाठी उरले सहाच तास. सूत्र डॉक्टर लिहितात, पण तासातासाला लघवी मोजून ठिबक कुठे वाढवायला हवं, कुठे आवरायला हवं, हे आधी सिस्टरच्या लक्षात येतं.

हे शहाणपण फार जुनं नाही. 1921 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनला एक थिएटर जळालं. तिथल्या रुग्णांच्या फोडांतलं पाणी फ्रँक अंडरहिल यांनी तपासलं, तर ते रक्तातल्या द्रवासारखंच निघालं. माणूस आतून सुकत जातो, हे तिथे उमगलं. वरचं पार्कलंडचं सूत्र चार्ल्स बॅक्स्टर यांचं, ते आलं 1968 मध्ये. दोनच वर्षांनी तेव्हाच्या युगोस्लावियातल्या झोरा यान्झेकोविच यांनी मेलेली कातडी आपोआप सुटायची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच काढून तिथे नवी कातडी लावण्याचा अनुभव मांडला. रुग्ण वाचू लागले, आणि परिचारिकेचं काम कितीतरी पटींनी वाढलं.

आपल्याकडची अडचण पैशांची होती. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी स्वस्त ड्रेसिंग म्हणून उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या जखमेवर लावल्या. त्यावरचा लेख 1985 चा. मला हा शोध फार मोठा वाटतो. साल जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग काढताना पोर किंचाळत नाही. मुंबईतल्याच शीवच्या रुग्णालयात दान केलेली कातडी साठवणारी त्वचापेढी सुरू झाली ती 2000 मध्ये.

त्या काळच्या वॉर्डाला आणखी एक बाजू होती. घरचे 'स्टोव्ह भडकला' म्हणायचे, आणि रात्री कधीतरी बाई सिस्टरला वेगळंच सांगायची. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत हुंडाबळीचं कलम 304 ब 1986 मध्ये आलं. असं काही कानावर आलं की डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि तिचेच शब्द जसेच्या तसे नोंदवायचे, हाही या कामाचाच भाग आहे.

गोव्यात 1842 साली पणजीत सुरू झालेल्या एस्कोला मेदिका या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय विद्यालयाचं 1963 मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झालं. आज ते बांबोळीला आहे. जळिताच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बीएस्सी नर्सिंग करून नोंदणी घ्यायची. पुढे भारतीय परिचर्या परिषदेचा भाजलेले रुग्ण आणि पुनर्रचना शस्त्रक्रिया यांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे.

पुस्तकात एका ओळीत असलेली गोष्ट वॉर्डात महिनाभर पुरते. गळा भाजलेल्या रुग्णाला उशी द्यायची नाही, नाहीतर जखम भरताना कातडी आखडते आणि हनुवटी छातीला ओढली जाते. आई घरून मऊ उशी घेऊन येते. ती रोज परत पाठवायची, आणि रोज तितक्याच मायेने का ते सांगायचं.