तलाव संवर्धन, लोकसहभागातून (नागपूर)

नागपूरच्या तलावांचे पाणी तपासणे, गणेश विसर्जनाच्या दिवसांत काठावर उभे राहणे, जलपर्णी काढणे आणि वेळ पडली तर न्यायालयात जाणे, ही नागरिकांनी विनामोबदला चालवलेली कामे या नोंदीत येतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑ सेबल नदीकाठी 1959 साली गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींनी ट्राउट माशासाठी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संघटना काढली. ट्राउटला थंड, वाहते पाणी लागते. साधारण 20 अंशांच्या वर तापमान गेले की तो कासावीस होतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापल्या दिवसांत, पारा 45 वर जाणाऱ्या नागपुरात त्याचे नाव काढण्यातही अर्थ नाही. तरी पाण्यात विरघळलेला प्राणवायू दोन्हीकडच्या माशांना लागतोच, आणि नागपूरच्या स्वयंसेवकांची मुख्य मोजणी त्याचीच आहे.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. 10 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 11 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे नागपूरचा तलाव उन्हाळ्यात मुळातच तुटपुंज्या भांडवलावर असतो. त्यात सांडपाणी किंवा निर्माल्य गेले की ते कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान 4 मिलिग्रॅमची पातळी धरली आहे. शहरातील ‘ग्रीन व्हिजिल फाउंडेशन’चे कार्यकर्ते प्राणवायूबरोबर गढूळपणा, सामू (पीएच) आणि तापमानही तपासतात. साध्या संचात बाटलीत पाणी घ्यायचे, गोळी टाकायची आणि आलेला रंग तक्त्याशी ताडायचा, इतकेच काम असते. मोजणीची वेळ मात्र सांभाळावी लागते. हिरव्या शेवाळाने भरलेला तलाव दुपारी भरपूर प्राणवायू दाखवतो. रात्री तेच शेवाळ तो वापरून टाकते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दुपारच्या एकाच आकड्यावर तलावाला निरोगी ठरवणे म्हणूनच धोक्याचे. मासे दिसतात म्हणजे पाणी चांगले, हेही खरे नाही: मरळ आणि मागूर हवेतला प्राणवायू घेतात, त्यामुळे रोहू-कटला मेल्यावरही ते तग धरतात.

नागपूरचे हे तलाव माणसांनी बांधलेले आहेत. शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला. त्याचे जुने नाव जुम्मा तलाव. फुटाळा भोसल्यांचा. अंबाझरीचा बांध 1870 चा आणि गोरेवाडा 1912 चा, दोन्ही शहराला पाणी पुरवण्यासाठी. या मानवनिर्मितपणाची कायद्यात किंमत मोजावी लागते. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत पिण्याचे पाणी, सिंचन किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. फुटाळ्यातील संगीत कारंजे आणि प्रेक्षादीर्घेविरुद्ध नागपूरच्या ‘स्वच्छ असोसिएशन’ने दिलेला लढा याच व्याख्येपाशी अडला. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटाळा हा मानवनिर्मित जलाशय असून या नियमांतील पाणथळ नाही, असे म्हणून अपील फेटाळले. दोनशेहून अधिक वर्षे पाणी धरून असलेल्या तलावाला ‘बांधलेला’ म्हणून वेगळा न्याय लागावा, हे सहज पटणारे नाही; पण नियमांचे शब्द तसे आहेत.

स्वयंसेवकांना सगळ्यांत जास्त कस लागतो तो गणपतीत. महापालिका काठांवर कृत्रिम टाक्या ठेवते, पण ‘आमच्या घरचा गणपती टाकीत नाही जाणार’ म्हणणाऱ्या आजोबांना समजवायला तिथे माणूसच लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही, तिचे रंग मात्र सुटतात. शाडूची मूर्ती विरघळते, पण तिचाही गाळच होतो, हे फारसे कुणी बोलत नाही. फुले, दूर्वा, केळीची पाने वेगळी काढून निर्माल्य कलशात टाकणे हे काम दिसायला किरकोळ; प्राणवायूच्या हिशेबात तेच मोठे.

अंबाझरीत अलीकडच्या वर्षांत जलपर्णीने पाणी झाकले. ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती सांडपाण्यातील खतावर पोसते, त्यामुळे सांडपाणी न थांबवता ती काढणे म्हणजे दरवर्षी तेच काम नव्याने करणे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरीच्या सांडव्यावरून आलेले पाणी नाग नदीकाठच्या डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत शिरले. त्यानंतर रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. पाण्याची गुणवत्ता हा त्यांचा विषय नव्हता. बांधाची मजबुती, सांडव्यासमोरचे विवेकानंद स्मारक आणि नदीपात्राची रुंदी यांवर त्यांचे बोट होते. तोवर प्राणवायू मोजणाऱ्यांच्या वहीत या गोष्टींना रकाना नव्हता.