बंद्यांची श्रद्धा आणि जगण्याची मोजपट्टी

तुरुंगात गेलेला माणूस देवाधर्माकडे वळतो, ही समजूत जुनी आहे आणि निराधारही नाही. मात्र त्यामुळे त्याच्या जगण्याची गुणवत्ता सुधारते का, हे तपासू पाहणाऱ्या संशोधकांना पहिली अडचण येते ती मोजपट्टीचीच.

जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. शारीरिक आरोग्य, मानसिक स्थिती, सामाजिक संबंध आणि परिसर या चार अंगांनी ती मागील दोन आठवड्यांची विचारपूस करते. प्रवासाच्या सोयींबाबत आपण किती समाधानी आहात, गरजा भागवण्याइतके पैसे आपल्याजवळ आहेत का, असे प्रश्न त्यात आहेत. जन्मठेप भोगणाऱ्याने त्यांना काय उत्तर द्यावे? परिसराच्या आठ प्रश्नांपैकी बहुतेकांवर जप, नमाज किंवा बायबलवाचन यांचा काहीच जोर चालत नाही. धर्माचा परिणाम दिसलाच, तर तो आयुष्य अर्थपूर्ण वाटते का, असे विचारणाऱ्या मानसिक अंगात दिसेल. म्हणून चारही अंगांचे गुण वेगवेगळे वाचणेच शहाणपणाचे ठरते.

धार्मिकता हीसुद्धा एकजिनसी नसते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी 1967 मध्ये अंतःप्रेरित श्रद्धा आणि लाभासाठी पाळलेला धर्म असा भेद मांडला होता. कारागृहात तो फार महत्त्वाचा ठरतो, कारण प्रार्थनेला बसल्याने बराकीबाहेर पडायला मिळते आणि चांगल्या वर्तणुकीची छापही पडते. धर्माचा मानसशास्त्रीय अभ्यास करणारे केनेथ पार्गमेंट यांनी आणखी एक बाजू पुढे आणली: देव सोबत आहे असे मानणाऱ्यांना संकटात आधार मिळतो, तर देव आपल्याला शिक्षा करतो आहे असे मानणाऱ्यांमध्ये नैराश्य अधिक आढळते. प्रत्यक्ष शिक्षा भोगणाऱ्याच्या मनात हा दुसरा विचार किती सहज घर करत असेल, हे वेगळे सांगायला नको.

खरी मेख मात्र कोणाला मोजायचे, या निवडीत आहे. टेक्सासमधील एका ख्रिस्ती सुधारणा कार्यक्रमाचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या 75 जणांपैकी 8 टक्के सुटकेनंतर दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात गेले, तर कार्यक्रमात नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण सुमारे 20 टक्के होते. आकडा डोळ्यांत भरणारा होता, पण अर्ध्यातून गळालेल्यांसह सर्व 177 जण मोजले, तर प्रमाण सुमारे 24 टक्क्यांवर जात होते. शिवाय सुटल्यावर नोकरी टिकवणे ही कार्यक्रम पूर्ण करण्याची एक अटच होती. म्हणजे ज्याची गाडी आधीच रुळावर आली, तोच यशस्वी गणला गेला! जगण्याची गुणवत्ता मोजणाऱ्या अभ्यासांनाही हाच धोका असतो, कारण मन थोडेफार स्थिर असलेला बंदीच भजनाला नियमित येतो.

आपल्याकडे विपश्यनेचे शिबिर 1975 मध्ये जयपूरच्या तुरुंगात झाले आणि 1994 मध्ये तिहारमध्ये सुमारे हजार बंदी एकत्र बसले. अशा शिबिरानंतर चिंता कमी झालेली आढळली, तरी ध्यानाइतकेच श्रेय दहा दिवसांच्या मौनाला, ठरलेल्या दिनचर्येला आणि इतर बंद्यांपासून वेगळ्या मुक्कामालाही असू शकते. हे घटक सुटे करण्यासाठी इच्छुकांमधूनच चिठ्ठी टाकून गट पाडावे लागतील आणि ध्यान न करणाऱ्या गटालाही तेवढीच शांत जागा द्यावी लागेल. भारतातील कारागृहांत 2022 च्या अखेरीस क्षमतेच्या सुमारे 131 टक्के बंदी होते आणि त्यांतले तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आणि पुढच्या तारखेच्या काळजीत असलेले. अशा ठिकाणी झोप सुधारली ती नामस्मरणाने, की जामीन अर्जाची सुनावणी लागल्याने, याची नोंद संशोधकाला वेगळी ठेवावी लागते.