चार, चाक आणि पहिलीतलं मूल

‘चार’ आणि ‘चाक’ हे दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला टेकते, ‘चाक’ म्हणताना ती पुढे दातांपाशी सरकते. अक्षर मात्र एकच. हा फरक पहिलीच्या वर्गात सहसा कुणी समजावून सांगत नाही, तरी मराठी घरातलं मूल ‘चाक’ बरोबर वाचतं. अक्षर दिसण्याच्या कितीतरी आधी तो शब्द त्याच्या कानात मुरलेला असतो. मूल च, काना, क जुळवू लागतं आणि ओळखीचा शब्द आपसूक ओठांवर येतो.

कानाची ही तयारी पाळण्यातच सुरू होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. १९८४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोचलेल्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना. घरात जो फरक ऐकूच येत नाही, तिकडे कान दुर्लक्ष करू लागतो. इंग्रजीतली ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी आपल्यापैकी अनेकांना सारखीच ऐकू येते, ती याचमुळे.

तेव्हा शाळेत येणाऱ्या मुलाची पाटी कोरी नसते. दार उघडलं, खिडकी उघडली, दरवाजा उघडला: लिंगाचा हा सगळा पसारा ते व्याकरणाचं पुस्तक न उघडता सांभाळतं. कधी ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं. मला ही चूक फार मोलाची वाटते. बसलं, पळलं, हसलं यांतून नियम त्याचा त्यानेच शोधलेला असतो.

आता मेळघाटातल्या कोरकू घरातलं मूल डोळ्यांसमोर आणा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. मराठीशी तिचं कुळ जुळत नाही. या मुलासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे. च, काना, क ते जुळवेल, पण मनात चाक फिरणार नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं गणित मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. त्यामुळे दोन्हींपैकी एक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच. मराठी माध्यमातल्या मुलांना २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे. ‘सी ए टी कॅट’ घोकणाऱ्या मुलाने ‘कॅट’ हा शब्द कुणाच्या बोलण्यात ऐकलेलाच नसेल, तर त्याचीही तीच अडचण होते.

दुसरी भाषा यायला किती काळ लागतो? कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवलं, की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धड्यांच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. इथेच शिक्षकांची फसगत होते. मधल्या सुट्टीत मराठीत भांडणारं मूल ‘मृदेची धूप’पाशी गप्प झालं, की त्याला ‘कच्चं’ ठरवलं जातं. हा अन्याय आहे. ‘धूप’ म्हटल्यावर मराठी घरातल्या मुलालाही आधी देवघरच आठवतं.

कमिन्स यांचं दुसरं म्हणणं मला अधिक महत्त्वाचं वाटतं: एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत सोबत येते. मुसळधार पावसात उतारावरच्या शेतातली माती कशी वाहून जाते, हे त्या कोरकू मुलाने पाहिलेलं असतं, घरी त्यावरचं बोलणं ऐकलेलं असतं. ते सगळं वर्गात आधी कोरकूत सांगू दिलं, तर शिकायला ‘धूप’ हा एक नवा शब्द तेवढा उरतो.