ड्रिल घेण्याआधी धातू सांगा

"दहा एमएमचं चांगलं ड्रिल द्या." बहुतेक गिऱ्हाईक एवढंच म्हणतात. मग आम्ही विचारतो, भोक कशात पाडायचं आणि मशीन कोणतं? काहींना ही चौकशी नकोशी वाटते. पण साध्या अँगलवर जे ड्रिल महिनोन्‌महिने टिकतं, तेच स्टेनलेसवर दोन-चार भोकांत बोथट होतं.

खाऱ्या वाऱ्यामुळे आपल्याकडे गेट-रेलिंगला स्टेनलेस फार. आमच्याकडे तक्रार घेऊन परत येणारी ड्रिलंही बहुतेक त्याच कामातली: शेंडा निळा-काळा, बाहेरचे कोपरे गोल झालेले. अशा वेळी ड्रिल खोटं नसतं, वेग चुकलेला असतो. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिलच्या बाहेरच्या धारेला माइल्ड स्टीलमध्ये, म्हणजे साध्या पोलादात, मिनिटाला साधारण 25 मीटर वेग चालतो, 304 या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये 10 ते 12. म्हणजे 10 एमएमच्या ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला सुमारे 800 फेरे, स्टेनलेसमध्ये साडेतीनशेच्या आसपास. हँड ड्रिलचा ट्रिगर पूर्ण दाबला की फेरे याच्या कितीतरी पुढे जातात. त्यात दाब हलका पडला तर ड्रिल कापत नाही, नुसतं घासतं. घासलेलं स्टेनलेस त्या जागी आणखी कडक होतं आणि मग नवं ड्रिलही तिथे घसरतं. म्हणून फेरे कमी, दाब घट्ट आणि सलग, कटिंग ऑइल भरपूर.

रोज स्टेनलेसचंच काम असेल तर एम35 जातीच्या एचएसएसचं ड्रिल घ्या. त्यात सुमारे 5 टक्के कोबाल्ट असतो, त्यामुळे तापल्यावरही धार टिकते. शेंडा 135 अंशांचा मागा, तो कमी सरकतो. माइल्ड स्टीलपुरतं काम असेल तर साधं एम2 एचएसएस पुरतं, महागाचं आम्ही गळ्यात मारणार नाही. सोनेरी रंगावर मात्र जाऊ नका. तो वरचा पातळ थर. आतलं पोलाद कोणतं, ते शँकवर, म्हणजे मशीनमध्ये धरायच्या दांडीवर, वाचा.

लेथवाल्यांनी इन्सर्टच्या (टूलला बसवायच्या बदलत्या धारेच्या तुकड्याच्या) डबीवरचा रंग पाहावा: निळा पी पोलादाला, पिवळा एम स्टेनलेसला, लाल के बिडाला.

जळालेलं ड्रिल आम्ही बदलून देत नाही, पण आमच्याकडून घेतलेल्या ड्रिलला पहिली धार फुकट लावून देतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे सकाळी गर्दी असते, धारेसाठी दुपारनंतर या. पावसाळ्यात ड्रिलं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

धातू ओळखता येत नसेल तर त्याचा तुकडाच घेऊन या. काउंटरमागे मशीन आहे, तुमच्यासमोर भोक पाडून दाखवतो. मग ड्रिल घ्या.