बीळ करणाऱ्या कृंतकांच्या पायांची हाडे

उंदीर-घुशींसारख्या कुरतडणाऱ्या, बिळे करून राहणाऱ्या प्राण्यांच्या हाडांत खोदकामासाठी झालेले अनुकूलन. पुणे परिसरात याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे घूस. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जोत्यालगत किंवा दौंड-बारामतीकडच्या उसाच्या बांधावर तिने काढलेला उकीर बहुतेकांनी पाहिलेला असतो.

खरी मेख पुढच्या पायाच्या कोपरात आहे. दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू अल्ना या कोपराखालच्या हाडाच्या, कोपरामागे निघालेल्या टोकाला जोडलेला असतो. तो आखडला की कोपर सरळ होते आणि नख्या माती मागे ओढतात. ही साधी तरफ. समजा, सांध्यापासून नख्या 40 मिमी पुढे आणि मागचे टोक 8 मिमी आहे; तर स्नायूच्या ओढीचा पाचवा हिस्साच मातीला लागतो. टोक 12 मिमी झाले, तर हाच हिस्सा 30 टक्के होतो. मात्र जोर वाढला तेवढा वेग घटतो. म्हणून चपळ पळणाऱ्यांत हे टोक आखूड, उकरणाऱ्यांत लांब.

दंडाच्या हाडावर खांद्याचा डेल्टॉइड स्नायू चिकटतो तो कंगोरा ठळक होतो आणि कोपराकडे सरकतो. कोपराचा आतला उंचवटा रुंदावतो, कारण बोटे आवळणारे स्नायू तिथून निघतात. मागचे पाय मुख्यतः सुटलेली माती लोटतात. नडगीची दोन्ही हाडे खाली जुळलेली दिसतात, पण ती खोदण्याची खूण समजू नये. वासे-तुळयांवरून फिरणाऱ्या घरच्या उंदरातही ती तशीच असतात.

पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट हा बिळात राहणारा कृंतक पुढच्या दातांनी माती कातरतो. तिथे भार कवटी-जबड्यावर येतो, पायांवर कमी. घुशीला मात्र बिळाबाहेर पळावे, पोहावेही लागते. तिच्या हाडांत आत्यंतिक बदल शोधणाऱ्याची निराशाच होईल.

गव्हाणी घुबडाने ओकलेल्या गोळ्या पाण्यात भिजवून सोडवल्या, की केसांच्या गुंत्यातून अशी हाडे बरीचशी अखंड निघतात. जात ठरवायची तर दात आणि कवटीच पाहावी.

पुरातत्त्वात ही हाडे घोटाळा करतात. शिरूर तालुक्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती भुसभुशीत, उकरायला सोपी. अशा जागी बिळात मेलेल्या उंदराचे अलीकडचे हाड हजारो वर्षे जुन्या थरात जाऊन बसू शकते. त्यामुळे ते वस्तीच्या काळातले मानण्याआधी थरात बिळाचा माग आहे का, हे तपासावे लागते.