जुन्या ट्रॅक्टरला मागचे टायर घेताय? आधी रिम बघा, मग माती बघा

ट्रॅक्टर जुना झाला की मागच्या टायरचा विषय कधी ना कधी निघतोच. इंजिन ठणठणीत असतं, गिअरबॉक्स आवाज करत नाही, पण टायर बघावेत तर साईडला भेगा, लग म्हणजे टायरवरचे उंच रबरी दात झिजून अर्ध्यावर आलेले आणि जरा ओल्या रानात घातला की चाक जागच्या जागी गरगर फिरतंय. मग सल्ले सुरू होतात, कोणी म्हणतं एक साईज मोठा टाक ताकद वाढेल, कोणी म्हणतं आता रेडियलच घे, कोणी म्हणतं जास्त प्लायचा, म्हणजे जास्त वजन झेपणारा घे, म्हणजे झंझट नाही. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या तरी ट्रॅक्टरला बरोबर असतो, पण तुमच्या ट्रॅक्टरला असेलच असं नाही. मागचा टायर हा खरं तर ट्रॅक्टरचा शेवटचा गिअर आहे. इंजिनपासून निघालेली सगळी ताकद जमिनीपर्यंत पोचते ती त्याच्यातूनच, त्यामुळे तो बदलताना गिअर बदलतोय एवढा तरी विचार करायला हवा.

सुरुवात टायरवरच्या नंबरपासून करू. समजा १३.६-२८ लिहिलंय, तर १३.६ ही टायरची रुंदी इंचात आणि २८ हा रिमचा व्यास, तोही इंचातच. मधे नुसती आडवी रेघ असेल तर टायर बायस म्हणजे साध्या बांधणीचा, रेघेच्या जागी आर असेल तर रेडियल. नवीन टायरवर हाच साईज ३४०/८५ आर २८ असा दिसतो, म्हणजे रुंदी ३४० मिलिमीटर आणि साईडची उंची त्या रुंदीच्या ८५ टक्के. १४.९ ला ३८०/८५ आणि १६.९ ला ४२०/८५ धरतात. खूपच जुना ट्रॅक्टर असेल तर टायरवर किंवा मॅन्युअलमध्ये ११-२८, १२-३८ असे आकडे सापडतात, ते बघून गोंधळून जाऊ नका. नंतर रुंद रिम आल्या, टायर त्यांच्यावर जास्त पसरायला लागला आणि मग ११ चा साईज १२.४ झाला, १२ चा १३.६ झाला, १३ चा १४.९. काही टायरवर तर १२.४/११-२८ असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात.

आता त्या "एक साईज मोठा टाक" वाल्या सल्ल्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. गणित सोपं आहे. ३४०/८५ आर २८ ची एकूण उंची काढायची तर २८ इंच म्हणजे ७११ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूच्या साईडची उंची २८९ अधिक २८९ मिळवली की साधारण १२८९ मिलिमीटर येते. ३८०/८५ ची अशीच काढली तर १३५७. म्हणजे चाक ५ टक्क्यांनी मोठं झालं. त्याच गिअरमध्ये त्याच आरपीएमला ट्रॅक्टर ५ टक्के जोरात पळणार, पण अॅक्सलचा टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर तेवढाच असल्यामुळे ओढ ५ टक्क्यांनी कमी होणार. ४२०/८५ वर गेलात तर फरक १० टक्क्यांच्या वर जातो. मोठ्या टायरमुळे जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती येते रुंद पायातून, म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा भाग रुंद झाल्यामुळे, आणि जास्त वजनातून, चाक कमी घसरतं म्हणून. भुसभुशीत रानात हा फायदा खरा आहे. पण ज्या जुन्या ट्रॅक्टरचा पहिला गिअर आधीच फास्ट आहे आणि रोटाव्हेटर मारताना इंजिन धापा टाकतंय, त्याला मोठा टायर घालणं म्हणजे त्याचा त्रास वाढवणं. ब्रेकवर आणि फायनल ड्राइव्हवर (चाकाच्या आधीच्या शेवटच्या गिअरवर) पण तेवढाच जास्त लोड येतो, हे कोणी सांगत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मोकळीक आणखी कमी. पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडी फास्ट फिरतील असंच गिअरिंग कंपनीने ठेवलेलं असतं, सहसा १ ते ५ टक्के, म्हणजे पुढची चाकं कायम थोडी ओढत राहतात. मागचे टायर ५ टक्क्यांनी मोठे घातले की ही आघाडी निघून जाते, उलट मागची चाकं पुढच्यांना ढकलायला लागतात, पुढचे टायर खाल्ले जातात आणि पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या ट्रान्सफरमधल्या गिअरवर विनाकारण ताण येतो. टू व्हीलवाल्यांना ही काळजी नाही, पण एक गोष्ट दोघांनाही लागू आहे, मागचे दोन्ही टायर एकदमच बदला. एक नवा एक झिजलेला असं ठेवलं की दोन्ही बाजूंच्या घेरात फरक पडतो आणि सरळ रस्त्याने जाताना सुद्धा डिफरेन्शिअलचे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर सतत फिरत राहतात, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफरेन्शिअल लॉक दाबला तर मग कोणता तरी एक टायर घासतच चालणार.

रिमकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात, खरं तर पहिल्यांदा बघायला पाहिजे. प्रत्येक टायरला ठरलेल्या रुंदीची रिम लागते, १३.६ ला साधारण १२ इंची, १४.९ ला १३ इंची, १६.९ ला १५ इंची, एखाद्या इंचाने कमीजास्त चालतं आणि किती चालतं ते टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. जुन्या अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की दोन्ही बीड म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडा जवळ येतात, साईड आत ओढली जाते आणि टायरची पाठ गोल होते. मग जमिनीला मधलाच भाग टेकतो, पैसे रुंद टायरचे दिलेत पण पाय अरुंदच पडतोय, आणि मधले लग आधी झिजणार.

रिमची तब्येत बघायची असेल तर टायर काढल्यावर व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीचा भाग तारेच्या ब्रशने घासून बघा. टायरमध्ये मीठपाणी म्हणजे कॅल्शियम क्लोराइड भरायची पद्धत थंड प्रदेशात खूप वर्षं होती, पाणी गोठू नये आणि वजनही वाढावं म्हणून, आणि हे पाणी व्हॉल्व्हपाशी हळूहळू गळून तिथलं लोखंड आतून खातं. वरून रंग ठीक दिसतो, पण घासलं की पापुद्रे सुटतात आणि कधी कधी स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो. बीड जिथे बसतो ती कडही बोट फिरवून बघा, तिथे गंजाचे खड्डे असतील तर ट्यूबलेस टायर हवा धरणार नाही, आणि ट्यूब टाकलीत तर ते खड्डे ट्यूबला घासणार. अशा रिमवर नवाकोरा टायर चढवण्यात काही अर्थ नाही.

आता जुन्या टायरच्या भेगांबद्दल, कारण टायर बदलायचा की नाही हे बरेचदा त्याच्यावरच ठरतं. जुना ट्रॅक्टर कामाला कमी आणि उभाच जास्त असतो, त्यामुळे लग चांगले शिल्लक असतात पण साईड फाटायला आलेली असते. याचं कारण रबराच्या रसायनात आहे. हवेत थोडा ओझोन असतो आणि तो रबराच्या लांब साखळ्यांमधले दुहेरी बंध तोडतो, रबर जिथे ताणलेलं असेल तिथे जास्त, म्हणून भेगा लगच्या मुळाशी आणि साईडच्या फुगीर भागात आधी दिसतात. यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि ओझोनला आधी स्वतः भिडणारी रसायनं घातलेली असतात, ती आतून हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर बनवतात. टायर फिरत राहिला, वाकत राहिला तर हा थर ताजा होत राहतो, ट्रॅक्टर महिनोन्महिने एका जागी उभा राहिला तर तसं होत नाही. त्यामुळे कमी चाललेला टायर म्हणजे चांगला टायर असं समजू नका. वरवरच्या बारीक केसासारख्या भेगा चालतात, पण भेगेत दोरे दिसायला लागले की तो टायर संपला. सेकंडहँड घेत असाल तर साईडवर चार आकडी तारीख शोधा, बऱ्याच टायरवर असते, ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा.

बायस की रेडियल हा प्रश्न मला सगळ्यात जास्त रंगतदार वाटतो. बायसमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत जातात, त्यामुळे साईड आणि पाठ एकच अंग असतं, साईड दबली की पाठही आखडते. रेडियलमध्ये साईडचे दोरे सरळ आडवे जातात आणि पाठीखाली वेगळे पट्टे असतात, म्हणून साईड मोकळेपणाने फुगते आणि पाठ मात्र सपाट पसरून राहते. पाय लांब पडतो, एका वेळी जास्त लग मातीत असतात. हा लांब पाय दोन कामं करतो, चाक कमी घसरतं आणि माती कमी दाबली जाते. मातीवर पडणारा दाब हा ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा अधिक साईडच्या कडकपणाचा थोडा असतो, रेडियल कमी हवेत चालतो म्हणून वरची माती वाचते. खोलवरची माती मात्र अॅक्सलवर एकूण वजन किती आहे त्यावर दबते, तिथे टायर फार मदत करू शकत नाही.

कमी हवेची ही गोष्ट ट्रॅक्टरच्या रबरी टायरइतकीच जुनी आहे. १९३२ साली अॅलिस-चाल्मर्स कंपनीने लोखंडी चाकाच्या ट्रॅक्टरला फायरस्टोनचे विमानाचे टायर लावून बघितले, कमी हवा भरून, आणि ते शेतात चालले. त्याआधी लोखंडी खुरांची चाकं होती, ती रस्त्यावर नेली की रस्ताही उखडायची आणि चालवणाऱ्याची हाडंही खिळखिळी करायची. पुढच्याच वर्षी रबरी टायरवर रेसिंग ड्रायव्हर बार्नी ओल्डफिल्डने ट्रॅक्टर ताशी १०० किलोमीटरच्या वर पळवून दाखवला. ती जाहिरात होती, पण लोकांचा रबरावर विश्वास बसला तो अशाच गोष्टींमुळे.

तर जुन्या ट्रॅक्टरला रेडियल घ्यावा का? नांगरट, रोटाव्हेटर असं ओढीचं काम वर्षभर आणि भरपूर असेल तर नक्की घ्या, डिझेलमध्ये फरक जाणवतो. पण ट्रॅक्टर वर्षातून थोडाच चालतो, काम फवारणीचं, ट्रॉलीचं, किंवा काटेरी धसकटांच्या रानातलं, तर बायसची कडक साईड जास्त उपयोगाची आणि स्वस्तही पडते. एका अॅक्सलवर एक बायस एक रेडियल असं मात्र कधीच नको. आणि प्लाय रेटिंगच्या मागे उगाच लागू नका, ८ पीआर म्हणजे आत आठ थर असं नसतं, तो फक्त किती वजन झेपेल याचा दर्जा आहे. गरजेपेक्षा जास्त प्लायचा टायर घेतला तर तो दबतच नाही आणि पाय आखूड पडतो.

लगचा प्रकार मातीवरून ठरवा. आर-१ हा नेहमीचा, आर-१डब्ल्यू चे लग साधारण २० टक्के जास्त खोल, ओल्या चिकट मातीसाठी. आर-२ चे लग आर-१ च्या जवळजवळ दुप्पट, भाताच्या चिखलासाठी, पण ते घेऊन डांबरी रस्त्यावर फिराल तर ट्रॅक्टर थरथरतो आणि लग बघता बघता झिजतात. उंच लग म्हणजे सगळीकडे जास्त पकड असं नाही, काँक्रीटवर तर झिजलेला टायर नव्यापेक्षा चांगला ओढतो कारण आखूड लग वाकत नाही. आर-४ हा लोडर आणि कडक जमिनीचा टायर, चिखलात तो भरून जातो आणि गुळगुळीत होतो.

खरेदीच्या आधी एक चाचणी करून बघा, खडू आणि मोजपट्टी पुरते. मागच्या टायरला खडूची खूण करा, अवजार वर उचलून चाकाचे १० फेरे मोजा आणि ट्रॅक्टर किती पुढे गेला ते मोजा. मग त्याच रानात त्याच गिअरमध्ये नांगर घालून पुन्हा १० फेरे. पहिल्यांदा ४० मीटर आणि दुसऱ्यांदा ३५ मीटर आलं तर ५ भागिले ४०, म्हणजे साडेबारा टक्के स्लिप (चाकाची घसरण). ८ ते १५ टक्के स्लिप ठीक आहे, त्यात टायर आणि इंजिन दोघंही सुखात असतात. २० च्या वर जात असेल तर टायर, हवा किंवा वजन यातलं काहीतरी चुकतंय. आणि ५ च्या खाली असेल तर वजन जास्त झालंय, तुम्ही ते वजन डिझेल जाळून नुसतं वाहताय.

टायर चढवताना बीड बसवायला हवा ३५ पीएसआयच्या वर कधीच नेऊ नका. बीड बसत नसेल तर हवा पूर्ण सोडा, साबणाचं पाणी लावा, परत भरा. लांब नळी लावून बाजूला उभं राहा, चाकाच्या तोंडासमोर नाही, कारण एवढ्या मोठ्या टायरमधली हवा सुटली तर माणूस वाचत नाही. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंगही नको, हवा सोडलेली असली तरी नको, आत वायू तयार होऊन स्फोट होतो. बाण बघून टायर बसवा, पुढे जाताना लगचं मधलं टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे म्हणजे चिखल बाहेर ढकलला जातो. मडगार्ड आणि अवजार जोडायच्या खालच्या लिंकपासून दोन्ही बाजूंना किती जागा राहते ते लिंक वरखाली करून बघा. पहिल्या एक-दोन तासांच्या कामानंतर सगळे नट परत आवळा, रिम आणि डिस्कच्या मधला रंग दबतो आणि नट थोडे सैल पडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाना लावून बघा.